पाय टेकला की शाळा बंद

सायकल शिकवायची तर सुरुवात उतरण्यापासून करावी, हे माझं मत साताऱ्यानं बनवलं. तिथं सपाट म्हणून जो रस्ता दाखवतात तोही कुठं ना कुठं उतरतच असतो. थोरल्या भावानं मला शिकवलं तेव्हा आधी नुसती सायकल हातात धरून चालायला लावलं. चालायचं, ब्रेक दाबायचा, थांबायचं. मग एका पायडलवर उभं राहायचं आणि लगेच उतरायचं. मी कुरकुर केली की तो म्हणायचा, "चढता कुणालाही येतं गं. उताराच्या तळाशी काय करणार, ते आधी सांग."

ट्रेनिंग संपवून मी आष्ट्याच्या प्राथमिक शाळेत लागले तेव्हा लढाई चालू होती. आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यात, खालसा म्हणजे इंग्रजी मुलखात. दहा-बारा मैलांवरची सांगली संस्थानात. मधला रस्ता मात्र एकच, आणि त्या रस्त्यावर राज्य होतं गुळाच्या गाड्यांचं. गुऱ्हाळं सुरू झाली की ढेपा भरलेल्या गाड्या संध्याकाळी सांगलीच्या बाजाराला निघायच्या. दुसऱ्या दिवशी माल उतरवायचा, कृष्णेवर बैलांना पाणी दाखवायचं आणि रात्री रिकाम्या गाड्या परत फिरवायच्या. आष्ट्याच्या शिवारात त्या शिरायच्या सकाळी, नेमक्या शाळेच्या वेळेला. गाडीवान आत घोंगडं ओढून गाढ झोपलेले. बैलांना घर माहीत. ते चाकोरी धरून चालत राहायचे, आणि त्यांच्या मागेपुढे, आजूबाजूला आमची शाळेची पोरं.

माझी सायकल साताऱ्याहून सामानाच्या मोटारीच्या टपावरून आली. ती उतरवून घ्यायला निम्मी शाळा गोळा झाली. बायकांची सायकल त्या मुलांनी पाहिलेली नव्हती. एकजण खाली वाकून, वर वाकून बघत राहिला आणि काळजीनं म्हणाला, "बाई, मदला दांडा वाटंतच मोडला व्हय?"

"मोडला नाही रे. ही अशीच असते."

"मग डबलशीट कुटं बसवता?"

"बसवत नाही."

त्यावर त्यानं सायकलकडे अशा नजरेनं पाहिलं की, मग हिचा उपयोग तो काय!

पहिल्याच थंडीत तिसरीतल्या एका मुलाचा पाय चाकात गेला. शाळेसमोरच्या दुकानातून तासाच्या बोलीनं घेतलेली सायकल, तिला ब्रेक नाही, आणि हा एका हातानं चालत्या गाडीची मागची फळी धरून फुकटात ओढून घेत चाललेला. बैल थबकले, हा थबकला नाही. हाड सांधलं, पोरगा पुढे पळायलाही लागला. पण त्या दिवशी रस्त्यावर बसून तो जे ओरडत होता ते सगळ्या शाळेनं ऐकलं.

हेडमास्तर मवाळ गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, फळ्यावर लिहा. उद्यापासून मुलांना सायकल बंद."

"लिहिते. पण दुकान समोरच आहे, आणि ते उघडंच राहणार."

"मग काय करावं म्हणता?"

"शनिवारी सकाळची शाळा सुटली की मला मैदान द्या. मी शिकवते."

त्यांनी माझ्याकडे, मग खिडकीतून माझ्या सायकलकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुकानदाराशी मी बोलून आले. भाडं घेऊ नकोस, मुलं नीट शिकली तर तुझ्याच सायकली कमी मोडतील, एवढंच सांगितलं. त्याला ते पटलं. त्यानं एक जुनी सायकल दिली. लढाईमुळे ट्यूब मिळत नव्हत्या, म्हणून टायरमध्ये चिंध्या ठासून भरलेल्या. ती चालली की सगळ्या अंगाला हिसके बसायचे. पण ब्रेक लागत होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

मी कामाची आखणी करून ठेवणारी बाई आहे. कोणत्या शनिवारी काय, कुणाची पाळी कधी, खरचटलं तर हळद कुठं ठेवली आहे, हे सगळं ठरलेलं. पहिल्याच दिवशी कळलं की जे शिकवायला हवं तेच माझ्या आखणीत नाही.

ती सगळी शेतकऱ्यांची मुलं. बैलांचा कासरा हातात घेऊनच मोठी झालेली. पहिला मुलगा चढला, दोन हिसके खात सरळ लिंबाच्या झाडाकडे निघाला. "ब्रेक!" मी ओरडले. त्यानं दोन्ही हातांनी हँडल छातीशी ओढलं आणि मोठ्यानं म्हणाला, "होऽऽ! होऽऽ!" सायकल थांबेना, तसं त्यानं आणखी ओढलं. शेवटी लिंबानं थांबवली.

"बाई, ऐकतच न्हाई ही!" कोपर चोळत तो म्हणाला.

"तिला कान आहेत का रे?"

दुसराही तसाच गेला. तिसराही. कुणी हँडल ओढलं, कुणी दातांवर जीभ आपटून आवाज काढला. ब्रेकला हात एकाचाही गेला नाही. हसून हसून बाकीची पोरं मैदानात लोळत होती. मी मात्र थक्क होऊन बघत होते. झाड समोर दिसत असताना ही मुलं वळवत का नाहीत? त्याचं उत्तर एका लहानग्यानं दिलं. तो रागानं सायकलला म्हणाला, "बैल कदी झाडाला धडाकतो व्हय गं? तुला दिसंना झालं?"

तेव्हा उलगडा झाला. जन्मापासून ही मुलं ज्यावर बसली त्याला स्वतःचे डोळे होते. गाडीत बसून पेंगलं तरी चालायचं; पुढे दोघेजण बघत असायचे. ज्याला आपलं काही दिसत नाही अशा वस्तूवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. मी आखणी बाजूला ठेवली. त्या दिवसापासून सायकलला हात लावण्याआधी प्रत्येकानं म्हणायचं, "हिला डोळं न्हाईत. डोळं माजंच." पाढ्यासारखं. हळूहळू हँडल ओढणं थांबलं.

आणि मग तो क्षण यायचा, ज्याला मी आजतागायत सरावलेले नाही. मूल शनिवारमागून शनिवार पडतंय. गुडघे सोललेले, डोळ्यांत पाणी. मी मागून सीट धरून पळतेय. आणि एकाएकी हाताला लागणारं वजन नाहीसं होतं. मी काही केलेलं नसतं. मुलानंही काही वेगळं केलेलं नसतं. आदल्या फेरीत पडणारं तेच मूल, तीच सायकल, तेच मैदान. आणि ते माझ्या हातातून पुढे निघून जातं. प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

एका मुलानं विचारलं, "बाई, हुबी ठिवली की पडती. मग पळताना का पडत न्हाई?"

मी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी दोन पुस्तकं उघडली आणि मिटली. मी त्या मुलाला सांगितलं, "मला माहीत नाही." तो खूश झाला. बाईंना न येणारी गोष्ट त्याला येत होती.

ह्या मुलांत चौथीतली एक मुलगी होती. अंगानं लहान, तोंडानं तिखट. परकराचा काचा मारून, मोठ्या माणसांच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून ती चालवायची. डोकं हँडलच्या थोडं वर, अंग एका बाजूला आणि सायकल दुसऱ्या बाजूला कललेली. दुरून वाटायचं, एक रिकामी सायकल चालली आहे आणि तिला एक मूल लोंबकळलं आहे. पोरं चिडवायची, "वाघुळ आली, वाघुळ!" ती न थांबता उत्तर द्यायची, "तुज्या कानात शिरंल बग वाघुळ!"

तिचं घर सांगलीच्या रस्त्याला, तीन मैलांवर, मळ्यात. शाळेसाठी ती गावात मावशीकडे राहायची. बाप पलटणीत, समुद्रापलीकडे कुठंतरी. घरचा कारभार आजोबांकडे. तेही आधीच्या लढाईतले शिपाई, आता पेन्शनवर. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मावशीच्या नवऱ्याला फलटणकडे साखर कारखान्यात काम लागलं आणि ते घर हलायचं ठरलं. मुलीपुढे दोनच गोष्टी उरल्या. मळ्यातून रोज सायकलनं यायचं, नाहीतर शाळा सोडायची. चालत तीन मैल येणं होण्यासारखं नव्हतं; सकाळचं पाणी, शेण, धार हे सगळं आवरून ती निघणार कधी आणि पोचणार कधी? बापाची सायकल मात्र मळ्यात आढ्याला टांगलेली होती.

आजोबा शाळेत आले. पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या, हातात काठी. वर्गाच्या दारात पाय जुळवून उभे राहिले.

"बाई, तुमीच काय पोरांस्नी सायकल शिकवता?"

"हो आबा. बसा."

"बसत न्हाई. एकच इचारतो. आमची पोर तीन मैल एकटी यील का? खरं सांगा."

"येईल."

"सकाळच्या गाड्यांतनं?"

"येईल."

"तुमी सांगताय, पर मला बघाय पायजे." त्यांनी काठी टेकवली. "पलटणीत परीक्षा एकदाच असती. दिवाळीची सुट्टी संपली की पैल्या दिवशी ती मळ्यातनं निगंल, मी मागनं छकड्यातनं यीन. मळ्यापासनं शाळंपातूर पाय टेकायचा न्हाई. पाय टेकला की शाळा बंद."

मी म्हणाले, "आबा, उतरावं लागलं तर? मी मुलांना हेच शिकवते की शंका आली की उतरायचं."

"मधीच उतरली म्हंजी भ्याली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "भिणारी पोर मी तीन मैल एकटी सोडू व्हय? काय झालं तर तिच्या बापाला काय लिवू? त्यो तिकडं बंदुकीम्होरं हाय, आनि हितं त्याची पोर मी गाडीखाली घातली, असं लिवू?"

त्यांचं चुकत होतं असं म्हणायची सोय नव्हती. मुलीला बोलावून मी विचारलं, "आबांची अट ऐकलीस?"

"व्हय."

"आणि आपला नियम काय?"

"शंका आली की उतरायचं."

"मग कसं करणार?"

तिनं क्षणभर विचार केला. "शंकाच येऊ द्याची न्हाई."

सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारच्या सकाळी, गाड्या परतायच्या वेळेला, मी रस्त्यावर घालवल्या. मोठी मुलं निवडली, ती मुलगी त्यांत होतीच. गाडीच्या मागून जाताना किती अंतर ठेवायचं, वळणावर गाडी ओलांडायची नाही, ओलांडायची तेव्हा आधी घंटी वाजवायची. घंटीचा नियम मी सगळीकडे शिकवला जातो तसाच शिकवला. एका मुलानं झोपलेल्या गाडीवानाच्या गाडीमागे जाऊन ती मनापासून वाजवली. बैलांच्या कानाशी एकदम ते खणखणणं! बैल उधळले, गाडी रस्ता सोडून शाळू ज्वारीच्या रानात शिरली आणि आत घोंगडं उठून बसलं.

"कोन रं त्यो! चांगला निजलोय तर शाळू दावताय व्हय मला?"

"बाईंनी सांगितलं!" पोरानं एका दमात माझ्यावर ढकललं.

गाडीवानानं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि फक्त म्हणाला, "बाई, बैलास्नी शाळंत नगा घालू."

गाडी बाहेर काढायला मुलांनीच हात लावला. मग आम्ही बांधावर बसून विचार केला. गाडीवान झोपलेला, त्याला घंटी ऐकू येत नाही. बैलांना ऐकू येते, तर ते बुजतात. मग करायचं काय? मुलगी म्हणाली, "गोठ्यात बैलाच्या मागनं आपुन गप जातो व्हय? लाथ बसंल की. आदी बोलायचं. मग जायचं."

सगळी मुलं एकमेकांकडे बघू लागली. हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरोघरी रोज तेच चालायचं. सायकलीवर बसलं की मात्र ते घरी ठेवून यायचं, असं जणू त्यांना वाटलेलं.

त्या सकाळी मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. मुलं एकामागून एक गाड्यांच्या मागून जायची आणि घरी बोलतात तसं बोलायची. कुणी "आलो रं आलो, दादा", कुणी नुसतं "हां… हां…", कुणी घरच्या बैलाचंच नाव घ्यायचं. बैलाचा एक कान मागे वळायचा. मग दुसरा. चाल बदलायची नाही, फक्त कान. जणू जनावर म्हणत होतं, समजलं, जा. आणि मूल उजवीकडून पुढे निघून जायचं, आत माणूस झोपलेलाच. त्या दिवशी रस्त्यावर जागी असलेली सगळी मंडळी एकमेकांशी बोलत होती.

सुट्टी संपली. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी सायकलनं मळ्यात गेले. थंडी होती, उसावर धुकं होतं, कुठल्यातरी गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काहील उकळत असल्याचा गोड वास येत होता. मुलगी तयार होती. दप्तर कॅरिअरला बांधलेलं, केस घट्ट ओढलेले. आजोबांनी छकडा जुंपला होता. ती वाघुळासारखी सायकलीला लटकली, निघाली. तिच्यामागे थोडं अंतर राखून मी, माझ्यामागे छकडा.

रस्त्याला लागताच परतणाऱ्या गाड्या भेटल्या. पहिलीच्या मागे ती पोचली आणि बोलू लागली. कान वळले. ती पुढे गेली. दुसरी गाडी, पुन्हा तेच. मागून आजोबांनी विचारलं, "कुणाशी बोलती?"

"बैलांशी."

"काय म्हनती?"

"वाट मागते आहे."

"हं," ते म्हणाले.

ओढ्यापाशी रस्ता उतरतो, खाली फरशीचा पूल आणि पलीकडे लगेच चढ. उतारावर एक गाडी चालली होती. तिचा गाडीवान झोपलेला. मुलगी तिच्या मागे पोचली. उजवीकडे रस्ता मोकळा होता. तेवढ्यात पलीकडच्या चढाच्या माथ्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार दिसली. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवलेली, धूर ओकत येणारी मोटार. ती अजून लांब होती. मी मनाशी हिशेब केला. पटकन पायडल मारले तर ती गाडीच्या पुढे निघेल आणि पूलही ओलांडेल. मी तिच्या जागी असते तर निघाले असते. मला अगदी वाटून गेलं, जा, बाळ, जा.

तिनं ब्रेक दाबला. पाय टेकला. सायकल डावीकडे गवतात ओढली आणि तिच्या आडोशाला उभी राहिली.

मोटार पुलावर आली, ड्रायव्हरनं भोंगा मारला. बैल बिथरले, उजवीकडे वळले, आणि गाडी अंगभर आडवी होत रस्त्याच्या त्या मोकळ्या भागात शिरली. मोटार बैलांना कसंबसं चुकवत, पुलाच्या कडेच्या दगडांना अंग घासत निघून गेली. ड्रायव्हर शिव्या देत होता, धूर आणि धूळ एक झाली. गाडीचं उजवं चाक जिथं जाऊन थांबलं तिथं थोड्या वेळापूर्वी मी मनातल्या मनात त्या मुलीला पाठवलं होतं.

धूळ बसली. ती तिथंच उभी होती. एक हात हँडलवर, एक दप्तरावर. दोन्ही पाय जमिनीवर. ओठ घट्ट मिटलेले. मी सायकल टाकून तिच्याकडे धावले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. छकडा थांबला होता. आजोबांना धुळीत काही दिसलं असेल-नसेल. तिनंच मोठ्यानं सांगितलं,

"आबा, पाय टेकला."

मी शिक्षिका आहे. मुलांना सांगणं हे माझं रोजचं काम. रांगेत उभे राहा, पाढे म्हणा, नखं कापा. ऐकतात, विसरतात. त्यानं कुणाचं काही जात नाही. ह्या दहा वर्षांच्या मुलीला तिची सगळ्यांत मोठी हौस एका पायाच्या अंतरावर दिसत होती, आणि माझं एक वाक्य आठवून तिनं ती हातची जाऊ दिली. वर ते लपवलंही नाही. मला तिच्यापुढे उभं राहायची भीती वाटली. आपण बोललेल्या शब्दावर कुणी एवढं वजन टाकतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

आजोबा छकड्यातून उतरले. आधी त्या आडव्या गाडीच्या बैलांपाशी गेले, जुवावर हात ठेवून त्यांना शांत केलं. मग चाकाचा माग जिथं रस्त्याच्या कडेला रुतला होता तिथं वाकले. काठीचं टोक त्या मागात घातलं, काढलं, मुलगी उभी होती त्या जागेकडे पाहिलं, पुन्हा मागाकडे पाहिलं. घोंगड्यातून गाडीवानानं डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, पावनं?"

"काय न्हाई. निज तू."

ते मुलीपाशी आले. "भ्यालीस?"

"न्हाई."

"मग का उतरलीस?"

"ह्यो गाडीवान निजला हुता," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "मोटारवाला बैलांकडं बघत नव्हता. त्याला नुसता पूल दिसत हुता. कुणीतरी थांबाय पायजे हुतं, आबा. दुसरं कोन थांबनार?"

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मुलगी मान खाली घालून सायकल वळवू लागली, मळ्याच्या दिशेला.

"तिकडं कुटं?" आजोबा म्हणाले.

ती थांबली.

"बाई, शाळा सुटती कवा?"

"पाच वाजता," मी म्हणाले.

"पाचाला भरल्या गाड्या निगत्यात. त्या हळू असत्यात. हां, जमंल." मग मुलीला, "बघतीस काय? तुजी शाळा हिकडं हाय. जा. उशीर हुईल."

तिचे डोळे एवढे मोठे झाले की त्यांत सगळा रस्ता मावला असता. तिनं सायकल वळवली, दांड्याखाली पाय घातला आणि पुलावर गेली. मी माझी सायकल उचलून तिच्यामागे निघणार, तर आजोबांनी काठी आडवी धरली.

"ऱ्हावा बाई. एकटीला जाऊ द्या."

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. ती पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागली. दांड्याखालून पायडल मारत ती निम्म्यापर्यंत गेली, मग सायकल डुगडुगली.

"उतरली," आजोबा हलकेच म्हणाले.

ती सायकल ढकलत माथ्याकडे चालत गेली. धुक्यात तिचा परकर आणि चाकं एवढीच दिसत होती. माथ्यावर ती थांबली, दोन्ही बाजूंना पाहिलं, मागेही पाहिलं, आणि पुन्हा दांड्याखाली पाय घातला.

"चढली," ते म्हणाले, आणि रस्ता रिकामा झाल्यावरही बराच वेळ तिकडेच बघत राहिले.